धूर धुऊन काढणारा अभियंता : यूजीन हूड्री

पनवेल शहर मागे टाकून माथेरानच्या डोंगराकडे निघाले की गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे हे गाव लागते. कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन याच परिसरात आहे. गावाच्या पूर्वेला माथेरानचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. त्या डोंगरमाथ्यावर मोटारगाडीला मज्जाव आहे. रुग्णवाहिकेसारखा अपवाद वगळला तर तिथल्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या मुख्यतः घोडा, हातरिक्षा आणि माणसाचे पाय यांवरच वाहतूक चालत आली. २००३ मध्ये माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि २०२२ च्या अखेरीस विजेवरच्या ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. धूर सोडणाऱ्या गाडीला मात्र वर थारा नाही.

डोंगराच्या पायथ्याशी चित्र नेमके उलटे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता, गोव्याचा महामार्ग आणि उरणच्या बंदराकडे जाणारी कंटेनरची रांग, या साऱ्यांची गाठ पनवेलच्या आसपास पडते. नेरे आणि आसपासच्या वाड्या-पाड्यांना शाळा, दवाखाना, बाजार, नोकरी यांसाठी रोज पनवेल गाठावे लागते, ते एसटीने, रिक्षाने किंवा दुचाकीने. बांधकामाची खडी आणि माती वाहणारे डंपर वेगळेच.

वाहनांच्या धुरावर माणसाने आजवर दोन उपाय शोधले. पहिला डोंगरावरचा, म्हणजे गाडीच येऊ द्यायची नाही. तो माथ्यावर चालतो; साऱ्या तालुक्याला लावता येत नाही. दुसरा उपाय गाडीच्या पोटाखाली असतो. इंजिनापासून निघालेल्या नळीवर पोलादी डबा बसवलेला असतो आणि त्यातून जाताना विषारी वायूंचे रूप पालटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरकी परिवर्तक, असे त्याचे नाव. मोटारीच्या धुरासाठी हा डबा घडवणाऱ्या आद्य संशोधकांमध्ये अग्रभागी होते फ्रान्समध्ये जन्मलेले अभियंता यूजीन हूड्री. मोटारींना मुबलक इंधन मिळवून देणाऱ्या शोधानेच त्यांचे नाव आधी जगभर झाले होते, ही त्यांच्या आयुष्यातील विलक्षण गोष्ट होय. ज्या पेट्रोलचा त्यांनी पूर आणला, त्याचाच धूर निस्तरण्यासाठी त्यांनी उतारवय वेचले.

रणगाड्यातून प्रयोगशाळेकडे

हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळील दोमाँ या गावी झाला. वडिलांचा पोलादाचा व्यवसाय होता. मुलाने तो पुढे चालवावा ही घरची अपेक्षा असल्याने त्यांनी पॅरिसमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९११ मध्ये ते वर्गात पहिले आले आणि सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. अभ्यासाइतकेच ते मैदानावरही रमत.

वडिलांच्या कारखान्यात ते स्थिरावत होते तोच पहिले महायुद्ध पेटले. हूड्री सैन्यात दाखल झाले आणि पुढे नव्यानेच उभ्या राहिलेल्या रणगाडा दलात गेले. १९१७ मध्ये ज्युव्हिनकूरच्या लढाईत फ्रेंच रणगाडे प्रथमच रणांगणात उतरले आणि त्यांपैकी अनेक वाटेतच बंद पडले. शत्रूचा भडिमार सुरू असताना या बंद रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था लावण्याचे काम हूड्री यांनी केले. त्यात ते गंभीर जखमी झाले. त्या शौर्याबद्दल त्यांना क्रोआ द गेर हा सन्मान मिळाला.

युद्धाने फ्रान्सला एक धडा दिला होता. रणगाडे, ट्रक, विमाने, सारे काही तेलावर चालते, आणि फ्रान्सच्या भूमीत तेल जवळजवळ नाही. हूड्री यांना स्वतःला मोटारींच्या शर्यतींचा नाद होता. १९२२ मध्ये त्यांनी अमेरिकेत जाऊन फोर्डचा कारखाना आणि इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत पाहिली. इंजिने झपाट्याने सुधारत आहेत, पण त्यांना साजेसे पेट्रोल मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. चांगल्या पेट्रोलचा ध्यास त्यांनी घेतला तो तेव्हापासून.

त्याच वर्षी नीस शहरातील प्रुदोम नावाच्या एका औषधनिर्मात्याने लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या कोळशापासून पेट्रोल मिळवण्याची रीत शोधल्याची वार्ता त्यांच्या कानावर आली. हूड्री यांनी पॅरिसजवळ प्रयोगशाळा उभारली आणि या कामाला वाहून घेतले. सरकारच्या मदतीने १९२९ मध्ये दिवसाला ६० टन लिग्नाइट वापरणारा कारखानाही सुरू झाला. पण त्यातून निघणारे पेट्रोल बाजारातल्या पेट्रोलपेक्षा महाग पडू लागले. सरकारने हात आखडता घेतला आणि कारखाना बंद पडला. पोलादाच्या भरभराटीच्या धंद्याकडे पाठ फिरवून निघालेल्या या माणसाच्या पदरी पहिल्या मोठ्या प्रयत्नात अपयश आले.

कोळसा जाळून टाकण्याची युक्ती

अपयशाच्या काळातही एक धागा त्यांच्या हाती होता. खनिज तेल तापवले की आधी पेट्रोलसारखे हलके घटक निघतात आणि मागे जड, काळे तेल उरते. या जड तेलाचे मोठे रेणू फोडले तर आणखी पेट्रोल मिळते. त्या वेळी हे काम केवळ प्रचंड उष्णता आणि दाब यांच्या बळावर केले जाई. हूड्री यांना ते उत्प्रेरकाच्या मदतीने करायचे होते. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता दुसऱ्या पदार्थांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ जसा स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसेच काहीसे हे काम असते.

शेकडो पदार्थ तपासल्यावर हूड्री यांना हवा असलेला मध्यस्थ सापडला तो मातीत. सिलिका आणि ॲल्युमिना यांनी युक्त, आम्लाची प्रक्रिया केलेली चिकणमाती हे काम उत्तम करते, हे १९२७ च्या सुमारास दिसून आले. तयार झालेले पेट्रोल ते आपल्या बुगाटी मोटारीत घालून रस्त्यावर तपासत. इंजिन चढावर ठोके न देता चालले की प्रयोग साधला.

पण उत्प्रेरक टिकत नव्हता. जड तेल फुटताना कोळशाची काजळी सुटे आणि ती मातीच्या कणांवर बसून अल्पावधीत त्यांना निकामी करी. इथे हूड्री यांच्या प्रतिभेचा कस लागला. काजळी बसू नये म्हणून धडपडण्यापेक्षा ती बसली की हवा सोडून जाळून टाकायची आणि उत्प्रेरक पुन्हा ताजा करायचा, असा मार्ग त्यांनी काढला. एका पात्रात तेल फुटत असताना दुसऱ्या पात्रातील काजळी जळत राही आणि काही मिनिटांनी त्यांची कामे आलटून-पालटून होत. काजळी जाळून निघालेली उष्णताही वाया जात नसे. उत्प्रेरक कशाने मरतो आणि तो पुन्हा जिवंत कसा करता येतो, हे ज्ञान हूड्री यांची खरी कमाई ठरली. तीस वर्षांनंतर त्यांची सर्वांत मोठी अडचण उभी राहिली तीही नेमकी याच ठिकाणी.

अमेरिकेची वाट

फ्रान्समध्ये पाठबळ मिळेना, तेव्हा अमेरिकेतील व्हॅक्यूम ऑइल कंपनीने त्यांना बोलावून घेतले. १९३० मध्ये हूड्री न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे दाखल झाले आणि १९३१ मध्ये हूड्री प्रोसेस कॉर्पोरेशन स्थापन झाली. जागतिक मंदीच्या त्या दिवसांत एकट्या व्हॅक्यूमला हा खर्च पेलेना, तेव्हा १९३३ मध्ये सन ऑइल ही कंपनी भागीदार म्हणून आली. अखेर १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे पहिले मोठे संयंत्र सुरू झाले. जुन्या पद्धतीत जड तेलातून सुमारे पाव हिस्सा पेट्रोल मिळे. नव्या पद्धतीत जवळजवळ निम्मा हिस्सा उच्च प्रतीचे पेट्रोल मिळू लागले. १९४० पर्यंत अशी १४ संयंत्रे उभी राहिली आणि त्यांतून दिवसाला सुमारे १,४०,००० पिंप तेलावर प्रक्रिया होऊ लागली.

व्हॅक्यूम या नावाशी मुंबईचाही संबंध आहे. व्हॅक्यूम कंपनीचा पूर्वेकडील देशांतील व्यवसाय १९३३ मध्ये न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलबरोबर एकत्र आला आणि स्टँडर्ड व्हॅक्यूम ही संयुक्त कंपनी जन्माला आली. स्वतंत्र भारतात १९५४ मध्ये माहुल येथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला तो याच कंपनीचा. पुढे तो एस्सोकडे आणि १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आला. हूड्री यांच्या स्थिर थराच्या संयंत्रांची जागा १९४० च्या दशकात उत्प्रेरकाची पूड प्रवाहासारखी फिरवणाऱ्या सुधारित संयंत्रांनी घेतली. तेल उत्प्रेरकावर फोडायचे आणि काजळी जाळून उत्प्रेरक ताजा करायचा, हे मूळ सूत्र मात्र आजही जगभरातील तेलशुद्धीकरण कारखान्यांत कायम आहे.

दुसऱ्या महायुद्धात या शोधाचे मोल कळून आले. विमानांना १०० ऑक्टेनचे उच्च दर्जाचे इंधन हवे होते. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत दोस्त राष्ट्रांना उत्प्रेरकी पद्धतीने मिळालेल्या विमान इंधनापैकी सुमारे ९० टक्के इंधन हूड्री यांच्या पद्धतीच्या संयंत्रांतून आले. रबराची टंचाई भासू लागली तेव्हा कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन तयार करण्याची सुटसुटीत पद्धतही त्यांनी विकसित केली.

याच काळात मायदेशाने त्यांना परके ठरवले. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला आणि जर्मनांशी जुळवून घेणारे विशी सरकार सत्तेवर आले. हूड्री यांनी जनरल द गॉल यांची बाजू घेतली आणि अमेरिकेतील फ्रेंचांच्या फ्रान्स फॉरएव्हर या संघटनेचे नेतृत्व केले. त्याची शिक्षा म्हणून विशी सरकारने १९४१ मध्ये त्यांचे फ्रेंच नागरिकत्व काढून घेतले. फ्रान्ससाठी रणांगणावर रक्त सांडलेला हा माणूस १९४२ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला.

उतारवयातले नवे काम

१९४८ मध्ये हूड्री आपल्याच नावाच्या कंपनीच्या अध्यक्षपदावरून दूर झाले. कीर्ती मिळाली होती, शोध जगभर पोचला होता. वयाच्या साठीकडे झुकलेल्या माणसाने विश्रांती घेतली असती तरी कोणी बोट ठेवले नसते. हूड्री यांनी मात्र पेनसिल्व्हेनियात ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची छोटी कंपनी सुरू केली आणि धुराचा विषय हाती घेतला.

लॉस एंजेलिस शहरावर १९४३ पासून डोळे चुरचुरवणारे धुरके दाटू लागले होते. हे धुरके केवळ कारखान्यांचे नाही. मोटारींतून निघालेले अर्धवट जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडून ते तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. फुप्फुसाच्या कर्करोगाचे वाढते प्रमाण आणि मोटारींचा धूर यांचा संबंध असावा, अशी शंका हूड्री यांनाही अस्वस्थ करीत होती. या कर्करोगाचे मुख्य कारण धूम्रपान असल्याचे पुढे सिद्ध झाले. तरीही हूड्री यांची शंका निराधार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले.

इंजिनात पेट्रोल पूर्ण जळाले तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच निघायला हवे. प्रत्यक्षात ज्वलनाला क्षणाचाही पुरा अवधी मिळत नाही. काही इंधन न जळताच बाहेर पडते, तर काही अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू होतो. अतिउष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात ती वेगळीच. हे अर्धवट राहिलेले ज्वलन इंजिनाबाहेर, धुराच्या नळीतच पूर्ण करायचे ही हूड्री यांची कल्पना होती. ज्या माणसाने कारखान्यात काजळी जाळून उत्प्रेरक शुद्ध केला, तो आता उत्प्रेरकाच्या मदतीने धूर जाळून हवा शुद्ध करू पाहत होता.

प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिशय पातळ लेप दिलेले चिनी मातीसारखे घटक एका डब्यात रचायचे आणि तापलेला धूर हवेसह त्यांवरून जाऊ द्यायचा, अशी ही रचना होती. लेपाच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले इंधन कमी तापमानालाही जळून जाई. कारखान्यांच्या धुरांड्यांवर या तत्त्वाचा वापर झाला. बंदिस्त गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्यांवरही असे डबे बसले. तिथे कामगार त्याच कोंडलेल्या हवेत दिवसभर श्वास घेत असत. १९५६ मध्ये मोटारीच्या धुरासाठीच्या उत्प्रेरकी डब्याचे अमेरिकन पेटंट हूड्री यांना मिळाले.

शिशाचा खोडा

गोदामात यशस्वी झालेला डबा रस्त्यावरच्या मोटारीत मात्र तग धरेना. कारण होते पेट्रोलमधील शिसे. इंजिनाचे ठोके थांबवण्यासाठी १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले जात होते. स्वस्तात ऑक्टेन वाढवण्याचा तो सोपा मार्ग होता. हे शिसे धुराबरोबर बाहेर पडून उत्प्रेरकावर बसे आणि त्याला कायमचे निकामी करी. गोदामातील गाड्या शिसेविरहित इंधनावर चालत, म्हणून तिथे डबा टिकला.

हूड्री यांच्या आयुष्यातील दोन्ही कामांची गाठ इथे पडते. तेलाच्या कारखान्यात त्यांच्या उत्प्रेरकाचा शत्रू काजळी होती आणि काजळी जाळता येते. मोटारीत शत्रू धातू होता. त्याला जाळून घालवता येत नाही. खुद्द हूड्री यांच्याच पद्धतीने मिळणारे पेट्रोल मुळात अधिक ऑक्टेनचे असल्याने त्याला शिशाची गरज कमी होती. पण अधिकाधिक दाबाची, अधिकाधिक ताकदीची इंजिने आणि त्यांच्यासाठी शिसे घातलेले पेट्रोल, अशी साखळी घट्ट झाली होती. ती तोडणे एका छोट्या कंपनीच्या आवाक्याबाहेरचे होते. शिसे मुलांच्या मेंदूवर आघात करते, हे वास्तव समाजाच्या आणि सरकारच्या गळी उतरायलाही बराच काळ जावा लागला.

१८ जुलै १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियात वयाच्या ७० व्या वर्षी हूड्री यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे शंभर पेटंटे होती. १९५९ मध्ये रसायन उद्योगातील प्रतिष्ठेचे पर्किन पदक त्यांना मिळाले होते. पण ज्या कामासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची बारा वर्षे दिली, ते काम त्यांच्या डोळ्यांदेखत मोटारींपर्यंत पोचले नाही.

आधी इंधन, मग डबा

ती कोंडी फोडली कायद्याने. १९७० मध्ये अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा कठोर कायदा केला आणि १९७५ च्या मोटारींमधून कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले इंधन ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. हे बंधन पाळायचे तर उत्प्रेरकी डब्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि डबा टिकवायचा तर शिसे काढण्यावाचून. १९७४ पासून अमेरिकेतील पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले आणि १९७५ च्या नव्या मोटारींच्या पोटाखाली उत्प्रेरकी डबे दिसू लागले. हूड्री यांच्या निधनाला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. पुढे अन्य संशोधकांनी मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली सिरॅमिकची वीट, प्लॅटिनमच्या जोडीला पॅलेडियम व ऱ्होडियम आणि इंधन-हवेचे प्रमाण राखणारा ऑक्सिजन संवेदक यांची जोड दिली. त्यामुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांसह तिन्ही विषारी घटकांवर एकाच डब्यात उपाय होऊ लागला.

भारतातही हाच क्रम घडला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक सक्तीचा झाला आणि त्यासाठी तिथे शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने हे पेट्रोल बंद केले. हूड्री यांचा डबा रोखून धरणारा अडथळा जगाच्या पाठीवरून दूर व्हायला त्यांच्या मृत्यूनंतर ५९ वर्षे लागली.

डिझेलच्या बाबतीत शिशाची जागा गंधकाने घेतली होती. इंधनात गंधक असेल तर धुराची काजळी पकडणारी गाळणी आणि उत्प्रेरक नीट काम करीत नाहीत. म्हणून १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली तेव्हा इंधनातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले. त्यासाठी तेल कंपन्यांना आपल्या कारखान्यांत मोठे फेरबदल करावे लागले. नव्या ट्रकांच्या चालकांना डिझेलबरोबर युरियाच्या द्रावणाचीही टाकी भरावी लागते ती याच व्यवस्थेचा भाग म्हणून. ते द्रावण नायट्रोजनच्या ऑक्साइडांना निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये बदलते. वाहनांची अशी तपासणी आणि प्रमाणन करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात कार्यरत आहे.

या डब्याला मर्यादा आहेत. तो थंड असताना काम करीत नाही. साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्यावरच त्याचा प्रभाव सुरू होतो. त्यामुळे सकाळी सुरू केलेल्या गाडीची पहिली काही मिनिटे सर्वाधिक दूषित असतात. जागतिक तापमानवाढीला कारण ठरणारा कार्बन डायऑक्साइड तो रोखत नाही. उलट अन्य कार्बनी वायूंचे रूपांतर तो त्याच वायूत करतो. भेसळीचे इंधन, तेल जाळणारे जुने इंजिन आणि देखभालीकडे दुर्लक्ष यांनी उत्प्रेरक हळूहळू निकामी होतो. गाडी अधिक धावावी या समजुतीने कोणी हा डबा काढून टाकतो, तर त्यातील मौल्यवान धातूंसाठी त्याची चोरीही होते. पीयूसी प्रमाणपत्राचा कागद गाडीत असला तरी डबा रिकामा असेल तर त्या कागदाने हवा शुद्ध होत नाही.

हूड्री यांचे चरित्र आजही उपयोगी वाटते ते या व्यवहारातील सत्यामुळे. त्यांच्याकडे कल्पना होती, पेटंट होते आणि गोदामांत सिद्ध झालेले यंत्रही होते. तरीही पेट्रोलमधील शिसे जाईपर्यंत ते यंत्र रस्त्यावर उतरू शकले नाही. इंधन तयार करणारा कारखाना, गाडी बनवणारी कंपनी, कायदा करणारे सरकार आणि गाडी चालवणारा माणूस या साखळीतील एक कडी जरी निसटली, तरी उत्कृष्ट यंत्रही निव्वळ लोखंडाचा डबा होऊन राहते.

माथेरानच्या माथ्यावर गाडीला मज्जाव करून हवा राखता आली. पायथ्याच्या नेऱ्यासारख्या गावांना तो पर्याय नाही. त्यांचे पोट, शाळा आणि दवाखाना रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. विजेवरची वाहने सर्वदूर पोचेपर्यंत या गावांच्या हवेची राखण गाड्यांच्या पोटाखालचा तो डबाच करणार आहे. पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एसटीची वाट पाहत उभ्या असलेल्या शाळकरी मुलांच्या श्वासात आता पेट्रोलमधले शिसे जात नाही. शुद्ध हवा मिळावी म्हणून हूड्री आयुष्याची शेवटची वर्षे झटले आणि ती त्यांना स्वतःला कधी पाहता आली नाही.